समितीची संभाव्य तारीख

करोनाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात वाशीमच्या आमच्या सरकारी कार्यालयात माणसं कमी आणि सॅनिटायझरच्या बाटल्या जास्त होत्या. निम्मा स्टाफ घरी, उरलेल्यातला निम्मा आजारी, आणि जे काही शिल्लक होतो त्यांना एकमेकांपासून इतकं लांब बसवलं होतं की एखादी फाइल मागायची तर वावरात हाक मारतात तशी मारावी लागे. मी तेव्हा वरिष्ठ सहायक होते. एका सकाळी साहेब केबिनच्या दारात येऊन उभे राहिले, हॉलभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. थांबायला दुसरं कोणी नव्हतंच.

"मॅडम, समितीचं आता तुम्ही बघायचं."

"कोणती समिती, सर?"

"विधिमंडळाची," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज आपोआप खाली गेला. त्या दिवसांत आजाराचं नाव घेताना लोकांचा जायचा तसा.

विधिमंडळाची समिती म्हणजे दहाबारा आमदार. ते जिल्ह्यात येतात, अधिकाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारतात, एखादं काम प्रत्यक्ष जाऊन पाहतात, जेवतात आणि जातात. ऐकायला साधं वाटतं. पण समिती येणार म्हटलं की आमच्याकडचे भलेभले अधिकारी रक्तदाबाची गोळी दुप्पट करतात. आमचे साहेब घाटावरचे, सज्जन, टापटिपीचे. त्यांची बढती जवळ आली होती, त्यामुळे त्यांना करोनापेक्षा समितीची भीती जास्त होती. करोनावर निदान लस आली होती.

समितीपुढचा विषय होता एका गावच्या मसणवटीच्या रस्त्याचा. मेडशीच्या पलीकडं एक लहानसं गाव आहे. गावाबाहेर नाला, नाल्यापलीकडं मसणवट, आणि मध्ये काळ्या मातीची गाडवाट. उन्हाळ्यात त्या वाटेनं धुरळा उडतो आणि पावसाळ्यात माणूस गुडघ्यापर्यंत रुततो. खांद्यावर मयत असताना रुतलेला पाय काढायचा कसा, हे गावातल्या प्रत्येक घराला माहीत होतं. वर्षानुवर्षं अर्ज करून शेवटी गावातल्या बौद्ध वस्तीनं थेट विधिमंडळाच्या समितीकडं तक्रार केली. समितीनं ती ऐकून घ्यायचं आणि जागेवर येऊन पाहायचं ठरवलं. मग महामारी आली आणि समितीचं बसणंच बंद झालं.

आता मुंबईहून पत्र आलं होतं की राहिलेल्या पाहण्या आणि बैठका उन्हाळ्यातच उरकून घ्यायच्या आहेत. मे महिन्यात. वाशीमला. मे महिन्यात वाशीमला आम्हीसुद्धा नाइलाजानं असतो. हे नियोजन ज्यानं केलं त्यानं नकाशा पाहिला असेल, हवामान नाही, असं माझं मत झालं.

पहिली तारीख आली आणि कार्यालयाला जाग आली. दोन दिवस चर्चा फक्त पुष्पगुच्छाची. फुलांची दुकानं बंद. साहेब म्हणाले, रोप द्या. मग कुणीतरी म्हणालं, आमदारांनी रोप हातात घ्यायचं म्हणजे माती लागणार. मग रोप आधी सॅनिटाइझ करावं का, यावर दोन जबाबदार अधिकारी माझ्यासमोर गंभीरपणे बोलले. विश्रामगृहाच्या खोल्या फवारल्या. जेवणात ज्वारीची भाकरी आणि ठेचा ठेवायचा, पण ठेच्यानं कुणी खोकलं तर बाकीचे सदस्य उठून जातील, म्हणून ठेचा रद्द झाला.

मग साहेबांच्या लक्षात आलं की समिती रस्ता नाही म्हणून येणार आहे, आणि रस्ता नाही म्हणून तिला जागेवर पोहोचता येणार नाही.

"गाड्या कुठपर्यंत जातात?" त्यांनी शाखा अभियंत्याला विचारलं.

"डांबरी संपते तिथपर्यंत, सर."

"आणि पुढं?"

"पुढं पायी."

साहेबांनी खिडकीबाहेरच्या उन्हाकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशी गावात मुरमाचे टिप्पर सुरू झाले. जे काम निधी नाही, जागा नाही, मोजणी नाही म्हणून इतकी वर्षं थांबलं होतं, ते अध्यक्षांच्या बुटांसाठी एका फोनवर सुरू झालं. वाटेतल्या बाभळीच्या झाडापर्यंत मुरूम पडला आणि मुंबईहून निरोप आला: अपरिहार्य कारणास्तव दौरा पुढे ढकलण्यात येत आहे. त्याच संध्याकाळी टिप्पर परत गेले. शेवटचा तर भरलेलाच परत गेला. मुरूम ओतायचेही कष्ट कुणी घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मला फोन आला. तक्रार करणाऱ्यांमधल्या पहिल्या बाईंचा. पन्नाशीच्या, ग्रामपंचायत सदस्य, घरची थोडी तूर-सोयाबीन आणि उरलेले दिवस लोकांच्या वावरात मजुरी. समितीच्या पत्राची प्रत त्यांना द्यायची म्हणून मीच आधी त्यांना फोन केला होता. तेव्हापासून मी त्यांना मावशी म्हणत होते आणि त्या मला बाई.

"बाई, गाड्या काहून गेल्या?"

"समितीचं येणं रद्द झालं, मावशी."

"समिती नाई आली त मुरूम कायले गेला? मुरूम का मुंबईहून येत होता?"

'पुढील तारीख कळवण्यात येईल' असं मी म्हणाले. सरकारी नोकरीत हे वाक्य आपोआप तोंडात येतं.

तारीख खरंच कळवण्यात आली. साहेबांनी पुन्हा खोल्या फवारल्या. टिप्पर पुन्हा आले आणि बाभळीपासून नाल्यापर्यंत मुरूम पडला. मग समितीतला एक सदस्य पॉझिटिव्ह निघाला, उरलेले विलगीकरणात गेले, दौरा स्थगित. टिप्पर नाल्याच्या काठावरून मागं फिरले.

या वेळी मावशी फोन न करता स्वतःच आल्या. मेडशीहून कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून, तोंडाला पदर घट्ट बांधून, भर दुपारच्या. दारावरच्या शिपायानं कपाळावर तापमानाचं यंत्र धरलं, तेव्हा ते इतकं वर गेलं की त्याला घाम फुटला. मावशी त्याला म्हणाल्या, "बापा, उन्हातून आली मी. तूच पाच मिनिटं बाहेर उभा राहून पाय." त्यानं त्यांना सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि मग यंत्र ताळ्यावर आलं.

माझ्या टेबलापासून नियमाप्रमाणे लांब ठेवलेल्या खुर्चीवर त्या बसल्या.

"पुढची तारीख कवा हाय?" त्यांनी विचारलं.

"अजून आली नाही. पण काळजी करू नका, समिती नक्की येईल. तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय…"

"त्यायले नका आणू," मावशी शांतपणे म्हणाल्या.

मला वाटलं मास्कमुळं मी चुकीचं ऐकलं.

"समिती नोको आमाले. ते आले त पायतीन, बोलतीन आन् चालले जातीन. मंग तुमचे साहेब मोकये झाले. गाडी कायले येईन मंग? तुमी फकत तारीख आणा. एका तारखीत बाभयीपरेंत झालं. दुसरीत नाल्यालोक झालं. आता नाल्यावर पाइप टाकाले एक तारीख पायजे, आन् नाल्यापलीकडं एक. पाऊसकाया याच्या आंदी दोन तारखा भेटल्या त आमचं काम होते."

मी सत्तावीस वर्षं शासनाच्या कामकाजाची टिपणं लिहिली. कामकाज असं चालतं, हे मला कुणी इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं. हसू मास्कमध्ये दाबून मी म्हणाले, "मावशी, तारखा माझ्या हातात नसतात."

"ज्याच्या हातात असन त्याले फोन लावा ना मंग. लोकं हात जोडूनशान पोरीच्या लग्नाची तारीख काढून आणतात. तुमाले समितीची नाई आणता येत?"

त्या गेल्यावर मी मुंबईला फोन लावला. तिकडचे एक कक्ष अधिकारी समितीचं नियोजन पाहत होते. फोन उचलल्या उचलल्या ते म्हणाले, "वाशीम ना? दौरा रद्द करा म्हणून फोन असेल तर साहेबांचं पत्र पाठवा. आज तुमचा सहावा जिल्हा आहे."

"नाही सर, आम्हाला तारीख हवी आहे."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं सगळं ठीक आहे ना, मॅडम?"

माणूस बोलका निघाला. मोठ्या इमारतीत आपल्या मजल्यावर एकटाच बसलेला, बोलायला कुणी नाही. त्यांनी मला समितीचं दुःख सांगितलं. एका सदस्यांना घरचे बाहेर सोडत नाहीत. एकांच्या मुलीचं लग्न दोनदा पुढं गेलंय, त्यामुळं ते कोणत्याच तारखेला हो म्हणत नाहीत. एकांना यायचंय, पण वाटेत लोणारचं सरोवर दाखवणार असाल तरच. एक ज्येष्ठ सदस्य वर्षभर कुणालाच सापडलेले नाहीत, त्यांचा होकार मात्र प्रत्येक वेळी वेळेवर येतो. अध्यक्षांना आठवड्यातला एकच वार चालतो आणि नेमका त्याच वारी उपाध्यक्षांचा उपास असतो.

"माझ्याकडं तारखा भरपूर आहेत, मॅडम," ते म्हणाले. "समिती नाही."

"आम्हाला तारीख चालेल, सर."

"म्हणजे?"

मी त्यांना मुरमाचं सगळं सांगितलं. बाभळीपासून नाल्यापर्यंत. ते बराच वेळ हसले, मग खोकले, मग 'साधा खोकला आहे' असा खुलासा फोनवरच केला.

"संभाव्य दौरा काढतो," ते म्हणाले. "संभाव्यला गणपूर्ती लागत नाही. आणि मला तरी कुठल्या ना कुठल्या जिल्ह्याला तारीख द्यायचीच आहे. तक्ता रिकामा दिसला की वरून विचारतात, उन्हाळाभर काय केलं."

दोन दिवसांत पत्र आलं. 'संभाव्य' हा शब्द साहेबांना दिसलाच नाही. घाबरलेला माणूस फक्त तारीख वाचतो. या वेळी त्यांनी पुरेपूर तयारी करायचं ठरवलं. नाल्यात सिमेंटचे पाइप पडले, वर काँक्रीट झालं. पलीकडं मसणवटीच्या दिशेनं मुरूम पडू लागला. दोन्ही बाजूंना नाल्या खोदल्या. रोलर तर असा फिरला की मावशी फोनवर म्हणाल्या, "बाई, रोड असा झाला का त्याच्यावर पापड वायू घालाव." माझ्या आवाजातला आनंद ऐकून शेजारच्या टेबलावरच्या लेखापालांनी मला घरी सगळं बरं आहे का म्हणून विचारलं. त्या महिन्यात आनंदाचा फोन कुणाला येत नव्हता.

तारखेच्या आदल्या दिवशी साहेबांनी रंगीत तालीम ठेवली. गाड्यांचा ताफा, वेळेचा अंदाज, कुणी कुठं उभं राहायचं, सगळं. अध्यक्षांच्या जागी बसायला वजनदार माणूस हवा होता. सगळे वजनदार अधिकारी आजारी किंवा आजारी असल्याचं कळवून होते. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही बसा पुढं. आज तुम्हीच अध्यक्ष."

सरकारी गाडीत पुढच्या सीटवर मी पहिल्यांदा बसले. साहेब मागं. ड्रायव्हरनं सवयीनं एसी लावला, मग करोनाच्या भीतीनं बंद करून काचा उघडल्या. आमच्याच जिल्ह्यातलं मालेगाव मागं पडलं, मेडशीचा फाटा आला. वाटेत साहेब मला सूचना देत होते: "तुम्ही उतरल्यावर मी नमस्कार करीन. तुम्ही फक्त मान हलवा. अध्यक्ष बोलत नाहीत."

गावात पोहोचलो तेव्हा डांबरी रस्ता संपतो तिथं माणसं उभी होती. मला वाटलं, तालमीसाठी जमवलीत. मग पांढरे कपडे दिसले आणि मधली तिरडी दिसली.

मावशींचे चुलतसासरे वारले होते. बरेच म्हातारे, करोनाबिरोना काही नाही, पहाटे चहा मागितला आणि चहा येईस्तोवर गेले. नियमाप्रमाणे मोजकी माणसं, सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. आणि त्यांच्या पुढ्यात, नव्या रस्त्याच्या तोंडावर, दोन खुंट्यांना बांधलेला दोर. दोराला लाल चिंध्या लावलेल्या. दोरापाशी ठेकेदाराचा मुकादम.

"साहेबाचा आदेश हाय," तो कुणाच्याही डोळ्यांत न पाहता सांगत होता. "समिती येईस्तोवर कोनी पाय ठेवाचा नाई. रोलिंग खराब होते."

"मंग कोठून नेऊ?" मावशी विचारत होत्या. "जुनी वाट त तुमीच खोदून ठेवली."

ते खरं होतं. बाजूच्या नाल्या खणताना जुनी गाडवाट गेली होती. इतकी वर्षं रुतत का होईना जाता येत होतं, आता तेही उरलं नव्हतं.

आमचा ताफा थांबला. साहेब उतरले. त्यांनी तिरडीला नमस्कार केला, मनापासून केला. मग रस्त्याकडं पाहिलं. तो खरंच सुंदर झाला होता, एक खडा वर नव्हता. मग घड्याळाकडं पाहिलं. आणि मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, यांना विचारा, थोडं शेतातून… म्हणजे आजचा फक्त एक दिवस. वाईट दिसतं, मला कळतं. पण सकाळी समिती आहे."

ऊन डोक्यावर होतं. तिरडी धरलेल्यांनी खांदा बदलला. कुणी आवाज चढवला नाही, कुणी रडलंही नाही. सगळे नुसते साहेबांकडं पाहत होते. मावशी पुढं आल्या.

"साहेब," त्या म्हणाल्या, "रस्ता मसणवटीचा हाय. मयतासाठी मांगतला व्हता. मयत आलं हाय."

साहेबांनी पुन्हा घड्याळाकडं पाहिलं. हा माणूस दुष्ट नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढं उद्याची सकाळ होती, आणि आजची दुपार त्याला दिसत नव्हती, इतकंच.

मला राग आला होता. पण सत्तावीस वर्षांच्या नोकरीत साहेबांवर रागवायची सवय नसते. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"सर, आज अध्यक्ष कोण आहे?"

"काय?"

"तालमीत. अध्यक्ष कोण आहे?"

"तुम्ही," ते गोंधळून म्हणाले.

"मग अध्यक्षांना रस्त्याची प्रत्यक्ष पाहणी करायची आहे. मसणवटीकडं मयत नेताना रस्ता कसा आहे, ते पाहायचं आहे. दोर काढायला सांगा."

मुकादमानं साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी माझ्याकडं. त्यांच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं ते मास्कमुळं सगळं दिसलं नाही. मग त्यांनी स्वतः वाकून एका खुंटीचा दोर सोडला. गाठ घट्ट होती, त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

तिरडी पुढं निघाली. मागून मी, माझ्या मागं साहेब, त्यांच्या मागं शाखा अभियंता आणि सगळा ताफा पायी. नाल्यावर पोहोचल्यावर तिरडीवाले सवयीनं थांबले, पाय टेकायला जागा शोधायला. मग त्यांना आठवलं की आता पाइप आहेत, आणि ते सरळ पलीकडं गेले. तिथून शेवटचा एक तुकडा अजून कच्चाच होता. तो उद्या पहाटे, समिती यायच्या आत करायचा ठरला होता. मसणवटीत एका तरुणानं त्रिसरण पंचशील म्हटलं, बाकीच्यांनी त्याच्या मागं म्हटलं. साहेब डोक्यावरची टोपी काढून उन्हात उभे राहिले. त्या दिवशी त्यांच्याबद्दल माझ्या मनात जे वाईट आलं होतं, त्यातलं बरंचसं तिथं कमी झालं. सगळं नाही.

परतताना मेडशीच्या फाट्यावर त्यांचा मोबाइल वाजला. संभाव्य दौरा स्थगित. त्यांनी निरोप वाचला, काच पूर्ण खाली केली आणि वाशीम येईस्तोवर बाहेर पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तालमीचं टिपण माझ्याकडून लिहून घेतलं. त्यात त्यांच्या हातचं एक वाक्य वाढलेलं होतं: 'सदर रस्त्यावर प्रत्यक्ष वापराची चाचणी यशस्वीरीत्या घेण्यात आली.'

शेवटच्या तुकड्यासाठी अजून एक तारीख हवी होती. मी मुंबईला फोन लावला तर कुणी उचलला नाही. दोन दिवस लावत राहिले. मग दुसऱ्याच एका बाईंनी उचलला आणि सांगितलं की ते कक्ष अधिकारी दवाखान्यात आहेत. तो साधा खोकला साधा नव्हता. पुढं ते बरे झाले, पण महिनाभर मी त्यांच्या बातमीची वाट पाहिली. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. त्या उन्हाळ्यात आपण कुणाची काळजी करावी याला काही धरबंध राहिला नव्हता.

समितीची बैठक शेवटी पाऊस लागल्यावर झाली, आणि झाली ती मोबाइल-कंप्युटरच्या पडद्यावर. सदस्य छोट्या छोट्या चौकोनांत. एका चौकोनात फक्त छताचा पंखा. एकात कुणीतरी पोहे खात होतं, त्यांना माहीत नव्हतं की आम्हाला दिसतंय. कायम होकार देणारे ते ज्येष्ठ सदस्य मात्र हजर होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत, न हलता. मग कळलं की तो फोटो आहे.

अध्यक्ष म्हणाले, "रस्ता दाखवा."

शाखा अभियंता मोबाइल घेऊन गावात उभा होता. त्यानं रस्ता दाखवला: थोडं आभाळ, थोडी बाभूळ, बरीचशी त्याची हनुवटी. "छान," अध्यक्ष म्हणाले. "उत्तम काम." शेवटचा तुकडा आला तेव्हा नेटवर्क गेलं, आणि ते परत यावं म्हणून अभियंत्यानं काही घाई केली नाही.

मावशींना तालुक्याच्या कार्यालयात सकाळपासून बसवून ठेवलं होतं. त्यांना बोलायला दोन मिनिटं होती. पहिलं मिनिट त्या आवाज बंद असतानाच बोलल्या. मी फोन करून तिकडच्या लिपिकाला बटण दाबायला लावलं, तेव्हा मधूनच आवाज आला:

"…म्हणून रस्ता झाला. तुमी आले नाई, म्हणून झाला. पाच-दहा बैलगाड्या मुरूम अजून लागते, मसणवटीलोक. तेवढ्यासाठी अजून एकडाव येऊ नका, एवढंच म्हणनं हाय."

पडद्यावर कुणाच्याच चेहऱ्यावर काही हललं नाही. अध्यक्षांनी हात जोडले. "ताई, हे समितीच्या सततच्या पाठपुराव्याचं फळ आहे," ते म्हणाले, आणि विषय निकाली काढला. इतिवृत्त मी लिहिलं आणि साहेबांकडं दिलं. परत आलं तेव्हा मावशींच्या दोन मिनिटांचं एक वाक्य झालं होतं: 'अर्जदारांनी समितीचे आभार मानले.'

साहेबांना समितीचं प्रशस्तिपत्र आलं आणि पुढं बढतीही मिळाली. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "त्या शेवटच्या तुकड्याचं झालं का काही?" नाही म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, अध्यक्षांसारखी.

तो तुकडा गावानं केला. सोयाबीन निघाल्यावर, वावरं मोकळी झाल्यावर. मावशींचा फोन आला, "या, टाइम असन त." रविवारी मी एसटीनं मेडशीला उतरले आणि तिथून जीपनं गावात गेले. वस्तीतली माणसं होती, गावातली दुसऱ्या आळीचीही चारदोन होती, आणि एका शेतकऱ्यानं आपल्या विहिरीवरचा पडलेला मुरूम न्या म्हणून सांगितलं होतं. मीही चार घमेली वाहिली. पाचवं उचललं तेव्हा कमरेत अशी उसण भरली की मला जागेवरच खाली बसवावं लागलं. मावशींनी तीळतेल गरम करून आणायला सुनेला पिटाळलं आणि मला म्हणाल्या, "खुर्चीवर बसू बसू वाया गेल्या तुमी." मग माझं घमेलं उचलून त्या पुढं गेल्या, आणि मी बाभळीखाली बसून उरलेला रस्ता होताना पाहिला.